१६ वर्षांच्या मुलाची तपासणी करून पुढे सायकोसिस होईल की नाही हे आधी कळतं का?

फोंड्याची_आई

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबेल थोडं, पण वाचा प्लीज.

माझे मोठे दीर स्किझोफ्रेनियाचे पेशंट आहेत. त्यांना विसाव्या वर्षी सुरू झालं, पण तेव्हा घरात कोणाला काही समजलंच नाही. दोन वर्षं घाडी आणि देवळात कौल लावणं यातच गेली, कोणीतरी सांगितलं देवचाराच्या वाटेत आडवा गेलाय, मग नारळ झाला कोंबडा झाला सगळं झालं, आणि डॉक्टरकडे नेलं तोवर जेवणात विष घातलंय म्हणून ते सख्ख्या आईच्या हातचं खाईनासे झाले होते. आता गोळ्यांवर बरे आहेत, सकाळी सोप्यावर बसून पेपर वाचतात, माझ्याशी नीट बोलतात, पण नोकरी नाही संसार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघतेय आणि मुलगा झाला त्या दिवसापासून ही भीती पोटात आहे, आजवर कोणाला बोलले नव्हते.

आता मुलाचं. १६ पूर्ण, अकरावी सायन्स. आमच्याकडे चवथीला घुमट आरत्या असतात, हा नऊ वर्षांचा असल्यापासून शामेळ वाजवतो, वाड्यावरची मुलं त्याच्यासाठी थांबतात. यंदा दुसरी आरती अर्ध्यावर असताना त्याने शामेळ खाली ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मागाहून विचारलं तर म्हणाला, आई आवाज कानात नाही येत, डोक्याच्या आत शिरतो. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची) बांधायला दर वर्षी आजोबांबरोबर असतो, यंदा आलाच नाही. तेव्हापासून रात्री तीन-चारपर्यंत जागा, सकाळी उठत नाही, दहावीला ८४ टक्के होते आणि आता पहिल्या टर्मला दोन विषय गेले. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बँडेजची पट्टी चिकटवून ठेवलीय. एकदाच मोकळेपणी बोलला, वर्गातली मुलं माझ्याबद्दल बोलतात असं वाटतं, मग थोड्या वेळाने वाटतं की माझंच काहीतरी चुकतंय, कोण कशाला बोलेल.

यांना सांगितलं तर म्हणतात वय आहे, जाईल. माझ्या मावसभावाने एका प्रायव्हेट लॅबची माहिती पाठवली, थुंकी घेऊन जीन तपासतात आणि मानसिक आजाराचा धोका किती टक्के ते लिहून देतात म्हणे, १८ हजार रुपये. नणंद म्हणते मेंदूचा एमआरआय कर, सगळं दिसतं. पैशाचं मी बघेन कसंही, पण खरंच यातून कळतं का? वाचताना बायोमार्कर हा शब्द सारखा येतो, रक्तात काहीतरी वाढतं, मेंदूचा थर पातळ होतो असं काय काय लिहिलेलं असतं. कोणी साध्या भाषेत सांगाल का?

मांडवीकाठ

ताई, मी मानसोपचारात एमडी आहे, सरकारी नोकरीत. इथे निदान करू शकत नाही आणि करणारही नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं आणि ते आधीच देतो म्हणजे तुमचे १८ हजार वाचतील. नाही. एका मुलाला समोर बसवून याला पुढे सायकोसिस (म्हणजे भास होणं, नसलेल्या गोष्टींची पक्की खात्री वाटणं, स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक आजार) होणार की नाही हे सांगणारी रक्ताची, थुंकीची किंवा स्कॅनची एकही तपासणी आज दवाखान्यात वापरात नाही. गोव्यात नाही, मुंबईत नाही, परदेशातही नाही.

पहिलं त्या पोटातल्या भीतीबद्दल. शंभर माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. सख्ख्या भावाबहिणीला असेल तर ९ टक्क्यांच्या आसपास, आईबापांपैकी एकाला असेल तर १० टक्के किंवा थोडं वर, आणि सख्ख्या काकाला असेल तर ३-४ टक्के. म्हणजे काकांना हा आजार आहे अशा शंभर पुतण्यांमधले ९६-९७ जण आयुष्यभर यातून सुटतात. आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो ८० टक्क्यांच्या आसपास धरतात, पण एकसारख्या जुळ्यांमधल्या एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमीच भरतं. जीन्स तेच, घर तेच, तरी एकाला होतो आणि एकाला नाही.

त्या थुंकीच्या पॅकेजबद्दल. २०२२ मध्ये पाऊण लाखाहून जास्त पेशंट आणि त्याच्या तिपटीहून जास्त निरोगी लोकांचे जीन्स तपासून एक मोठा अभ्यास आला, त्यात स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या. यातली बहुतेक प्रत्येक जागा धोका किंचितच हलवते. सगळ्यांची बेरीज करून एक स्कोअर काढता येतो, संशोधनात तो कामाचा आहे, पण एका मुलाच्या बाबतीत त्यातून काही ठरवता येत नाही, आणि हा डेटा बहुतांश युरोपियन वंशाच्या लोकांचा असल्यामुळे आपल्याकडच्या लोकांना तो आणखी कमी लागू पडतो. जीनमुळे धोका खरंच मोठा होतो अशी उदाहरणं आहेत पण ती दुर्मीळ, जसं २२व्या क्रोमोसोमचा एक छोटा तुकडा जन्मापासूनच नसणं, अशांपैकी साधारण चौघांत एकाला मोठेपणी सायकोसिस होतो. पण त्या मुलांत बहुधा जन्मजात हृदयदोष, टाळूचा दोष, शिकण्यात अडचण असं इतर काही आधीच दिसलेलं असतं. तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही नाही.

आता तपासण्या मुळीच करायच्या नाहीत असं मात्र कोणी समजू नका, इथेच लोकांचा गोंधळ होतो. आम्ही रक्त काढतो ते दुसऱ्या कारणासाठी. थायरॉईड, बी१२, कधी तांब्याचं प्रमाण (विल्सन नावाचा आजार असतो त्यासाठी), लघवीत गांजा वगैरे, शंका असेल तर ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), कारण एका प्रकारच्या फिट्समध्येही भास होतात. आणि काही आठवड्यांत माणूस झपाट्याने बदलला, सोबत ताप, फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली असं काही असेल तर एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन मेंदूला सूज येणारा आजार आहे, २००७ मध्ये ओळखला गेला, तरुण मुलींमध्ये जास्त, वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जण चांगले सावरतात. तिथे तपासणी जीव वाचवते. या सगळ्या तपासण्या आत्ता जे दिसतंय त्याच्यामागे दुसरा कुठला शारीरिक आजार लपलाय का ते बघतात, पुढच्या पाच वर्षांचं भविष्य त्यात नसतं.

मुलाबद्दल एकच. तो स्वतः म्हणतोय की माझंच चुकतंय बहुतेक, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि चांगली आहे. शंका येते पण त्या शंकेवरही त्याला शंका आहे. हे डिप्रेशन असू शकतं, एन्झायटी असू शकते, महिनोन्महिने झोप न झाल्याचा परिणाम असू शकतो, मायग्रेनच्या मुलांनाही आवाज सहन होत नाही. आणि सायकोसिसच्या धोक्याची सुरुवातीची पायरी, म्हणजे पुसट लक्षणं आहेत पण पूर्ण आजार नाही अशी अवस्था, असू शकते. यातलं कुठलं ते समोर बसून बोलल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून दाखवा. येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत दाखवा, परीक्षा संपल्यावर नको. बांबोळीला आयपीएचबीची (सरकारी मानसोपचार रुग्णालय) ओपीडी आहे. आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते. तो मरणाबद्दल बोलला, खाणंपिणं सोडलं किंवा कोणीतरी आज्ञा देतंय असं म्हणाला तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी.

म्हापसेकर_बाबा

डॉक्टरांनी लिहिलंच आहे पण एमआरआयबद्दल मला माझं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी मुलगी तेव्हा १७ ची. असंच, मैत्रिणी तुटल्या, आंघोळ टाळायला लागली, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईने आपल्याकडे बघून मान हलवली असं एकदा हसत हसत म्हणाली, आम्हीपण हसलो. मी शिकलेला माणूस, मला वाटलं मशीनमध्ये दिसेल ते खरं. एका खासगी ठिकाणी एमआरआय केला. रिपोर्टच्या शेवटी एकच ओळ, मेंदूत कुठलाही दोष नाही. तो कागद मी लॅमिनेट केला हो. बायको म्हणायची पोरगी रात्री एकटीच बोलते, मी कपाटातून तो कागद काढून दाखवायचा, बघ नॉर्मल आहे. आठ महिने. त्या आठ महिन्यांत ती बारावीला बसली नाही आणि एका पहाटे नाइट ड्रेसवर चालत पर्वरीच्या हायवेपर्यंत गेली, तिथे कदंबाच्या एका कंडक्टरने थांबवून बसमध्ये बसवलं आणि तिच्या हातातल्या मोबाईलवरून आम्हाला फोन लावला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मग उपचार सुरू झाले. दोन वर्षं झाली, आता कॉलेजला जाते, कमी डोसवर आहे, गाते. पण ते आठ महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. डॉक्टरांनी नंतर समजावलं की या आजारात पेशंटचासुद्धा एमआरआय बहुतेक वेळा डोळ्यांनी बघून नॉर्मलच दिसतो, जो फरक असतो तो शेकडो लोकांची सरासरी काढल्यावर कळणारा असतो, एका फिल्मवर डॉक्टर बोट ठेवून दाखवेल असा नसतो. तेव्हा ताई तो एमआरआय नॉर्मल येईल आणि तुमचे मिस्टर माझ्यासारखेच तो कागद धरून बसतील. त्यापेक्षा एक वही करा. आम्ही उशिरा केली पण केली, कधी झोपली कधी उठली, काय बोलली ते तिच्याच शब्दांत, जेवली का, कोणाचा फोन घेतला. डॉक्टरने ती वही अर्धा तास वाचली. रिपोर्ट अर्धा मिनिटही नाही.

वाळपईची_पोर

मी सत्तरी तालुक्याची, सध्या बंगळूरला पीएचडी करतेय, मेंदूच्या लहरींवर काम आहे, म्हणून बायोमार्करचा (म्हणजे शरीरात मोजता येणारी आजाराची खूण) भाग मी सांगते. हे सगळं खोटं आहे असं वाटू नये म्हणून लिहितेय, कारण विज्ञान खरं आहे, फक्त ते अजून तुमच्या मुलाच्या फाईलपर्यंत पोचलेलं नाही.

सगळ्यात जवळचं उदाहरण माझ्याच प्रयोगाचं. डोक्याला टोपी घालतात, त्यात वायरी, केसांत गार जेल (दोनदा शांपू केला तरी निघत नाही), आणि समोर आवाज बंद केलेला सिनेमा लावतात. कानात बीप वाजत राहते, टिक टिक टिक टिक टिक, सगळ्या एकसारख्या, आणि मध्येच एक थोडी लांब, टीक. तुम्हाला काही करायचं नसतं, लक्षही द्यायचं नसतं. तरी ती वेगळी बीप आली की मेंदू आपोआप एक दशांश ते दोन दशांश सेकंदात एक छोटा झटका देतो, म्हणजे अरे हे अपेक्षित नव्हतं. याला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात, फिनलंडच्या रिस्तो नातानेन यांनी १९७८ मध्ये दाखवली. स्किझोफ्रेनियात हा झटका लहान येतो हे पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि धोक्याच्या पायरीवर असलेल्या मुलांमध्ये ज्यांना पुढे सायकोसिस झाला त्यांचा झटका आधीपासूनच लहान होता असं काही अभ्यासांत मिळालं. तुमचा मुलगा आवाज आत शिरतो म्हणाला ना, ते वाचून मी थबकले खरं सांगते, पण लगेच हेही सांगते की दोन्ही गोष्टी एक नव्हेत आणि त्यावरून काही अंदाज करू नका. माझ्या प्रयोगात पूर्णपणे धडधाकट मुलांमध्येसुद्धा कोणाचा झटका मोठा, कोणाचा एवढासा. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे, पण गट एकमेकांवर इतके चढलेले आहेत की एकट्या मुलाचा आकडा हातात घेऊन तो कुठल्या गटातला हे ओळखता येत नाही.

मेंदूचा थर पातळ होतो ते तुम्ही वाचलं त्याचं असं. किशोरवयात सगळ्यांच्याच मेंदूचा वरचा थर थोडा पातळ होतो, ते नॉर्मल आहे, नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात. आमच्या कुळागरात वापरातल्या पायवाटा स्वच्छ राहतात आणि ज्यांवरून कोणी जात नाही त्या पावसाळ्यात गवतात जातात, तसं काहीसं. अर्विन फाइनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की स्किझोफ्रेनियात ही छाटणी बिघडत असावी. मग २०१६ मध्ये सी४ नावाच्या जीनचा अभ्यास आला, हा जीन रोगप्रतिकारशक्तीचा, जंतूंवर खूण करायचं काम, पण मेंदूत तोच जोडण्यांवर खूण करतो आणि खूण केलेल्या जोडण्या मेंदूतल्या सफाईच्या पेशी खाऊन टाकतात. काहींमध्ये हा जास्त काम करणाऱ्या प्रकारचा असतो आणि त्यांना धोका थोडा जास्त. मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती, इतकी वर्षं जे नुसतं मांडणी म्हणून होतं त्याला हाडामासाचं काहीतरी मिळालं. पण परत तेच, धोका थोडा जास्त. तो प्रकार असलेले बहुतेक लोक मजेत जगतात.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॅपल्स या अभ्यासात धोक्यातल्या मुलांचे एमआरआय पुन्हा पुन्हा केले आणि ज्यांना सायकोसिस झाला त्यांचा पुढच्या भागातला थर इतरांपेक्षा वेगाने पातळ झालेला दिसला. एका स्कॅनने हे कळतच नाही, काही महिन्यांच्या अंतराने दोन हवेत, आणि तरीही फरक मिलिमीटरच्या बारीक अंशांचा. रक्तातल्या सुजेचंही असंच, इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलकडच्या हजारो मुलांना जन्मापासून फॉलो केलंय, त्यात नवव्या वर्षी ज्यांचं आयएल-६ (सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रथिन) जास्त होतं त्यांच्यात अठराव्या वर्षी भासासारखे अनुभव जास्त सापडले. पण आयएल-६ साध्या तापातही वाढतं, वजन जास्त असलं तरी वाढतं. तुम्ही लॅबमध्ये जाऊन काढलंत आणि जास्त आलं तर त्याचा अर्थ काय लावणार?

एक गोष्ट मला स्वतःला फार शिकवून गेली. २०१६ मध्ये त्याच नॅपल्सवाल्यांनी धोका मोजायचा एक कॅल्क्युलेटर बनवला, ५९६ मुलामुलींवरून. त्यात कामाला आल्या त्या गोष्टी अशा, संशय आणि विचित्र विचार किती आहेत, ऐकवलेल्या शब्दांच्या यादीतले किती लक्षात राहतात, चिन्हं जुळवायच्या खेळात हात किती भरभर चालतो, लोकांत मिसळणं किती कमी झालंय आणि वय. घरात कोणाला आजार आहे या माहितीने त्या अंदाजात फारशी भर पडली नाही. म्हणजे ज्या काकांमुळे तुम्ही सोळा वर्षं घाबरताय त्यांच्यापेक्षा शामेळ खाली ठेवलं ही बातमी डॉक्टरला जास्त कामाची आहे.

चापोरा_किनारा

गांजाचं कोणी स्पष्ट विचारलं नाही म्हणून मी लिहितो. मी २३, किनारपट्टीवरचा, आमच्याकडे सोळाव्या वर्षी मिळणं अवघड नसतं, सगळ्यांना माहीत आहे. मी रोज घ्यायचो. एकोणिसाव्या वर्षी तीन आठवडे मला खात्री होती की शेजारच्या शॅकमधली माणसं माझ्यावर पाळत ठेवतायत. ॲडमिट होतो. आता बंद आहे, चार वर्षं. ताई मुलाला एकटं विचारा, बापासमोर नको, ओरडणार नाही असं आधी सांगून विचारा. मला कोणी असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असं मला अजून वाटतं.

मांडवीकाठ

हे लिहिलंस ते फार बरं केलंस रे. आकडे देतो. १९८७ मध्ये स्वीडनच्या सैन्यभरतीतल्या मुलांवरचा अभ्यास आला तेव्हापासून हा संबंध दिसतोय. २०१९ मध्ये युरोपातली बरीच शहरं आणि ब्राझील मिळून एक अभ्यास झाला, त्यात रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या तिपटीच्या आसपास, आणि रोज जास्त कडक प्रकार घेणाऱ्यांमध्ये पाचपटीच्या आसपास निघालं. घेणाऱ्या सगळ्यांना होतं असं नाही, पण जितक्या लहान वयात सुरू तितकं वाईट. घरात आजार असेल तर या एका गोष्टीपासून लांब राहणं हे कुठल्याही १८ हजारांच्या रिपोर्टपेक्षा उपयोगाचं. जीन बदलता येत नाहीत, हे बदलता येतं, आणि झोप बदलता येते.

नारळी_पौर्णिमा

ओमेगा थ्रीच्या कॅप्सूल दिल्या तर सायकोसिस होत नाही असं मी वाचलं होतं, आपण तर मासे खाणारी माणसं, मग द्यायला काय हरकत?

वाळपईची_पोर

ते २०१० चं व्हिएन्नाचं. ८१ तरुण मुलंमुली, १२ आठवडे कॅप्सूल, आणि वर्षभराने बघितलं तर कॅप्सूलवाल्या ४१ पैकी २ जणांना सायकोसिस झाला होता, दुसऱ्या ४० पैकी ११ जणांना. सगळे हुरळले. मग तोच प्रयोग मोठा करून बऱ्याच देशांत केला, ३०४ जण, २०१७ मध्ये निकाल आला आणि दोन्ही गटांत फरक नाही. मासे खा, चांगलेच आहेत, पण त्यावर भरवसा टाकून डॉक्टर पुढे ढकलू नका.

फोंड्याची_आई

सगळ्यांना उत्तर द्यायचंय पण जमत नाहीये, दोनदा वाचलं, म्हापसेकर दादांचं वाचून रडले. ते लॅबचं मी सोडून दिलं. यांना तुमचे मेसेज वाचायला दिले, काही बोलले नाहीत, पण रात्री स्वतःहून म्हणाले सोमवारी रजा टाकतो.

आणखी एक विचारायचंय. समजा डॉक्टर म्हणाले की हो, ही धोक्याची पायरी आहे. मग काय, आयुष्यभराच्या गोळ्या सुरू? दिरांचे हात थरथरतात, वजन केवढं वाढलं, मी बघितलंय. आणि सासूबाईंना काय सांगू, त्या आधीच म्हणतायत की देवाला विचारून घेऊया.

मांडवीकाठ

नाही ताई. ही पायरी ठरवायची पद्धत १९९० च्या दशकात मेलबर्नला पॅट्रिक मॅगोरी आणि ॲलिसन युंग यांनी बसवली, आणि त्या वेळी जे वाटलं होतं त्यापेक्षा आताचे आकडे बरेच बरे आहेत. २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा तीन वर्षांत ३६ टक्क्यांना सायकोसिस झाला असं निघालं, नंतरच्या मोठ्या आढाव्यात ते २५ टक्क्यांवर आलं. म्हणजे या पायरीवर उभ्या असलेल्या चौघांतले तिघे तीन वर्षांत पुढे जात नाहीत. त्यांना इतर त्रास असतो, डिप्रेशन, घाबरणं, अभ्यास मागे पडणं, त्यावर उपचार करायचे असतात. नुसता सायकोसिस टाळण्यासाठी म्हणून अँटिसायकोटिक द्यायचं नाही असं ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे. बोलण्याची थेरपी, झोप लावणं, घरच्यांशी बोलणं, आणि ठराविक दिवसांनी भेटत राहणं. आणि कधी खरंच सुरुवात झालीच तर ती पहिल्या आठवड्यांत दिसते, दोन वर्षांनी नाही. दिरांच्या वेळी जे झालं नाही ते हेच.

सासूबाईंशी भांडू नका. आमच्याकडे बरेच पेशंट देवाला विचारूनच येतात, त्यात काही बिघडत नाही, फक्त कौल मिळेपर्यंत थांबायचं नाही. त्यांना सांगा देवळात तुम्ही जा, बांबोळीला मी जाते, एकाच दिवशी.

म्हापसेकर_बाबा

ताई, माझी आई तर प्रसाद घेऊन हॉस्पिटलात यायची आणि मुलीच्या उशीखाली ठेवायची, नर्स काही बोलायच्या नाहीत.

फोंड्याची_आई

मंडळी, अपडेट. आज जाऊन आलो. सकाळी आठला पोचलो, केसपेपर काढून दोन तास बसावं लागलं. तो बसमध्ये एक शब्द बोलला नाही, टोपी डोळ्यांवर ओढून होता. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, त्यांनी आधी आम्हाला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी चाळीस मिनिटं बोलल्या. मग मला बोलावलं. मी वही नेली होती, चार दिवसांचीच झाली होती, पण त्यांनी सगळी वाचली आणि शामेळच्या जागी पेनने खूण केली. शामेळ म्हणजे कसं असतं ते त्याला विचारलं, तर हा मांडीवर बोटांनी वाजवून दाखवायला लागला. किती दिवसांनी बघितलं मी ते.

नाव काही दिलेलं नाही अजून. झोप आणि एन्झायटीवर आधी काम करूया म्हणाल्या, थायरॉईड आणि बी१२ लिहून दिलंय, एमआरआय नाही. सायकॉलॉजिस्टकडे शब्दांच्या यादीची ती टेस्ट पुढच्या वेळी. झोपेसाठी रोज एकाच वेळी उठायचं, मोबाईल रात्री दहाला हॉलमध्ये. गांजाबद्दल मी त्याला आदल्या रात्रीच विचारलं होतं, गॅलरीत, दिवा न लावता. दोनदा घेतला होता म्हणाला, मित्राच्या वाढदिवसाला. मी ओरडले नाही, चापोराच्या मुला, तुझ्यामुळे.

परत येताना काका सोप्यावर बसले होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, त्याच्याकडे बघून विचारलं, बांबोळीला गेलेलास? तो हो म्हणाला. मग ते सरकले आणि त्याला बसायला जागा केली. दोघं बराच वेळ तिथेच बसून होते, काय बोलले मला माहीत नाही, मी आत जेवण वाढत होते.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तेव्हा लिहीन.